रोज एक सराव चाचणी सोडवूनही वाचन आणि श्रवणाचे गुण का वाढत नाहीत?

तुम्ही विचारले आहे की गोव्यात डिचोलीला राहून, शिकवणी वर्ग न लावता आयईएलटीएस या इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेच्या अकॅडेमिक (उच्च शिक्षणासाठीच्या) प्रकाराची तयारी होऊ शकते का, आणि दोन महिने रोज एक सराव चाचणी सोडवूनही वाचन आणि श्रवण हे दोन्ही भाग सहा बँडवरच (बँड म्हणजे नऊपर्यंतची गुणपातळी) का अडून बसले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. दुसऱ्याचे कारण मला तुमच्या दिनक्रमातच दिसते. चाचणी सोडवायची, गुण मोजायचे आणि दुसऱ्या दिवशी नवी चाचणी हाती घ्यायची, या क्रमात चुकलेल्या उत्तरांकडे परत वळायला वेळच उरत नाही. आणि माझ्या अनुभवात गुण वाढतात ते नेमके तिथेच.

मी स्वतः साखळीजवळच्या एका गावात चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकले आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलात गेले. घरी कोकणी, वाचायला मराठी आणि परीक्षेपुरते इंग्रजी, अशी आपल्याकडे अनेकांची स्थिती असते. त्यामुळे इंग्रजी आपल्याला डोळ्यांनी कळते, कानांनी तितकेसे कळत नाही. पहिल्या प्रयत्नात मलाही श्रवणात सहाच बँड मिळाले होते. पहिल्याच भागातील संवादात एका आडनावाचे स्पेलिंग निसटले, मी त्याच अक्षरांचा विचार करत राहिले आणि तेवढ्यात पुढची तीन उत्तरे निघून गेली. ध्वनिफीत एकदाच ऐकवली जाते, मागे जाण्याची सोय नसते. सुटलेले उत्तर त्याच क्षणी सोडून पुढच्या प्रश्नावर नजर नेणे हीसुद्धा सरावाने अंगी बाणवावी लागणारी गोष्ट आहे.

आधी अंतर किती आहे ते पाहा. दोन्ही भागांत प्रत्येकी ४० प्रश्न असतात, प्रत्येकाला एक गुण असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही जागा रिकामी ठेवू नये. श्रवण आणि अकॅडेमिक वाचन या दोन्हींत साधारणपणे २३ बरोबर उत्तरांना सहा, ३० ला सात आणि ३५ ला आठ बँड मिळतो. प्रश्नपत्रिकेनुसार यात किंचित फरक पडतो. म्हणजे सहावरून सात बँडवर जायला तुम्हाला हवी आहेत ती प्रत्येक भागात आणखी सुमारे सात उत्तरे, आणि ती सात कोणत्या प्रकारच्या चुकांमुळे जात आहेत हे शोधणे हेच तुमचे काम आहे.

श्रवणासाठी मी केलेला उपाय सांगते. तो कंटाळवाणा आहे, पण माझ्यासाठी दुसऱ्या कशाचाही इतका उपयोग झाला नाही. सोडवून झालेल्या चाचणीतील दोन मिनिटांचा तुकडा घ्यावा, इअरफोन लावावा आणि वाक्यावाक्याला थांबवत ऐकलेला प्रत्येक शब्द वहीत लिहून काढावा. कळले नाही तर पुन्हा ऐकावे, दहा वेळा लागले तरी चालेल. त्यानंतरच छापील संहिता उघडून लाल पेनाने दुरुस्ती करावी. माझ्या वहीत आठवड्याभरातच एक गोष्ट स्पष्ट दिसू लागली. मला न कळलेल्या शब्दांत अपरिचित शब्द फारच थोडे होते. बाकी सारे मला वाचताना सहज कळणारे शब्द होते. ‘कम्फर्टेबल’ हा शब्द ध्वनिफितीत ‘कम्फ्टबल’ असा येत होता आणि ‘वुड हॅव बीन’ हे तीन शब्द ‘वुडव्बिन’ असे एकच होऊन कानावर पडत होते. आपण मराठीत आणि कोकणीत बहुतेक अक्षरे पुरती उच्चारतो, आपल्या शिक्षकांचे इंग्रजीही तसेच असते. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे ते मात्र आघात असलेले अक्षर ठळक म्हणतात आणि बाकीची गिळतात. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांतील फरकही शेवटच्या ‘न’पेक्षा आघात कुठे पडतो यावरूनच लवकर ओळखू येतो. शिवाय ब्रिटिश उच्चारांबरोबर ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे आणि उत्तर अमेरिकेतील उच्चारही परीक्षेत असतात, म्हणून एकाच प्रकारचा आवाज ऐकत राहू नये.

याच वहीत माझी दुसरी मोठी चूक सापडली, ती म्हणजे शब्दाच्या शेवटी येणारा ‘स’. ‘टिकेट्स’ हवे तिथे मी ‘टिकेट’ लिहीत होते आणि तेवढ्याने उत्तर चुकत होते. स्पेलिंग चुकले तरी गुण जातो, आणि ‘एकच शब्द लिहा’ अशी सूचना असताना दोन लिहिले तरीही जातो. श्रवणाच्या पहिल्या भागात आणखी एक सापळा हमखास भेटतो: बोलणारा आधी एक तारीख सांगतो आणि मग ‘नाही, थांबा, त्या दिवशी मला जमणार नाही’ म्हणून दुसरी देतो. पहिली तारीख ऐकताच पेन खाली ठेवणारे तिथे फसतात.

वाचनात अडचण वेगळी असते. ६० मिनिटांत तीन उतारे, आणि उत्तरे उतरवून घेण्यासाठी जादा वेळ अजिबात नाही. वेळ पुरत नाही असे सगळेच म्हणतात, परंतु वेळ खरोखर कुठे जातो ते पाहिले तर तो बहुधा ‘खरे, खोटे, की उताऱ्यात दिलेले नाही’ या प्रश्नांवर गेलेला असतो. शेजारच्या मुलांना मी हा प्रकार खाजनाच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या शेतजमिनीच्या, उदाहरणाने समजावते. त्या बांधात पाण्यासाठी ठेवलेल्या दाराच्या जागेला मानस म्हणतात. समजा उताऱ्यात असे वाक्य आहे: ‘भरतीच्या पाण्याच्या दाबाने मानशीचे दार आपोआप लागते आणि ओहोटीला ते उघडते.’ आता ‘पाणी चढल्यावर दार लावायला माणूस लागत नाही’ हे विधान खरे, कारण अर्थ तोच आहे, केवळ शब्द बदलले आहेत. ‘भरतीच्या वेळी दार हाताने बंद करावे लागते’ हे खोटे, कारण उतारा त्याच्या नेमके उलट सांगतो. ‘मानशीची दारे लाकडाची असतात’ याविषयी उतारा गप्प आहे, म्हणून उत्तर ‘दिलेले नाही’. इथे एका मुलाने ठामपणे ‘खरे’ लिहिले होते, कारण त्याच्या आजोबांच्या शेताजवळची मानस त्याने डोळ्यांनी पाहिली होती. घरची माहिती परीक्षेत आणायची नाही, हे त्याला त्या दिवशी जे पटले ते मी दहा वेळा सांगूनही पटले नसते.

म्हणून वाचनाची चाचणी तपासताना प्रत्येक उत्तरापुढे, बरोबर आलेल्याही, उताऱ्यातील ज्या ओळीवरून ते आले तिचा क्रमांक लिहावा. ओळ दाखवता येत नसेल तर ते उत्तर अंदाजाने आले आहे असे समजावे. मग प्रश्नातील शब्द आणि उताऱ्यातील शब्द यांची जोडी वहीत उतरवावी. महिन्याभरात शे-दीडशे जोड्या जमतात, आणि शब्दार्थांच्या तयार याद्या पाठ करण्यापेक्षा त्यांचा उपयोग कितीतरी जास्त होतो.

साहित्यासाठी पैसे खर्च करण्याची घाई करू नका. परीक्षा घेणाऱ्या संस्थांच्या संकेतस्थळांवर नमुना प्रश्न विनामूल्य आहेत, आणि बीबीसीच्या इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी असलेल्या छोट्या कार्यक्रमांसोबत लिखित संहिताही मिळते. पणजीला जाणे होत असेल तर पाटोवरील मध्यवर्ती ग्रंथालयात बसून विज्ञानावरील एखादा लांब इंग्रजी लेख फोन बाजूला ठेवून सलग वाचून काढावा. मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी वाचण्याची सवय झालेल्या डोळ्यांना तिसऱ्या उताऱ्यापर्यंत थकवा येतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. कदंब बसमधून जाता-येता कानात काही लावून ठेवायला हरकत नाही, मात्र त्याला सराव समजू नका. बसच्या आवाजात शेवटचा ‘स’ ऐकू येत नाही.

यापुढे पूर्ण चाचणी आठवड्यातून एकदाच, घड्याळ लावून सोडवा आणि उरलेले पाच-सहा दिवस तिच्याच चुकांवर घालवा. कागदावरील परीक्षा तुमच्या केंद्रावर असेल तर तीत श्रवणानंतर उत्तरे उतरवायला १० मिनिटे मिळतात, संगणकावर ती तपासायला केवळ २, म्हणून जी पद्धत निवडणार असाल त्याच पद्धतीने सोडवा. परीक्षेची तारीख आताच घेऊ नका. आधी न पाहिलेल्या तीन चाचण्यांत लागोपाठ ३२ च्या वर उत्तरे बरोबर आली, की मगच शुल्क भरा. प्रत्यक्ष परीक्षेच्या दिवशी दोन उत्तरे इकडेतिकडे होतातच, आणि तेवढी जागा हाताशी असावी.