वाचक विचारतात: दिवेआगर-श्रीवर्धन, सायकलवरून

प्रश्न : आम्ही नवराबायको पुण्याहून गाडीला सायकली लावून दोन दिवस कोकणात जाणार आहोत. एका दिवसात शंभर किलोमीटर मारणाऱ्यांतले आम्ही नाही. समुद्र दिसत राहील असा निवांत रस्ता कोणता?

उत्तर : दिवेआगरला मुक्काम करा. ताम्हिणी, माणगाव, म्हसळा मार्गे गाडी तिथे ठेवली की पुन्हा तिची गरज नाही. दिवेआगरहून भरडखोल, शेखाडी, कोंडविल, आरावी असं करत श्रीवर्धनला जाणारा वीसेक किलोमीटरचा किनारी रस्ता तुमच्यासाठीच आहे. मधे छोटे चढ-उतार आहेत, घाट नाही.

फक्त वाऱ्याचं गणित सांभाळा. हिवाळ्यात पहाटे मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे, वाहते आणि ती सौम्य असते. अकराच्या सुमारास खारा वारा सुरू होतो आणि दुपारी वायव्येकडून जोर धरतो. श्रीवर्धनहून परतताना तुमचं तोंड उत्तरेला असतं, म्हणजे तो वारा जवळजवळ समोरून लागतो. सकाळी सहज कापलेलं अंतर दुपारी दम काढतं ते याचमुळे. पावणेसातला निघा, श्रीवर्धनात नाश्ता करा आणि अकराच्या आत परत या. जाताना समुद्र उजवीकडे, रस्त्यापलीकडे असतो. येताना तो तुमच्याच बाजूला येतो, त्यामुळे फोटोसाठी थांबायचं ते परतीच्या वाटेवर.

श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं गाव, आणि तिथली रोठा सुपारी प्रसिद्ध. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. नवी झाडं मोठी व्हायला वर्षं लागतात, तेव्हा जुन्या फोटोंतली दाट सावली सगळीकडे मिळेल असं धरू नका. टोपी आणि माणशी दोन बाटल्या पाणी हवंच. एका बाटलीत कोकमाचं सरबत न्या : पाऊण लिटर पाण्यात दोन चमचे आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि तीन-चार चमचे साखर. आगळात मीठ असतंच, वरून घालू नका. नारळाच्या दुधाची सोलकढी मात्र बाटलीत भरू नका, उन्हात नासते.

प्रश्न : मागच्या खेपेला पुळणीवर सायकल रुतली, आणि घरी येऊन आठवडा होतो न होतो तोच साखळी गंजली. काय चुकलं?

उत्तर : बहुतेक वेळ चुकली, आणि नंतरची धुलाई.

सायकल चालते ती फक्त ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या ओल्या, गडद पट्ट्यावर. ही वेळ काढायची कोकणातली जुनी रीत अशी : तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येपासून द्वितीयेपर्यंत सकाळ-संध्याकाळ मोकळी, घट्ट पुळण मिळते. अष्टमीला नेमकी याच वेळी भरती असते, त्या दिवशी रस्ताच बरा. तारीख ठरवतानाच कालनिर्णय बघा.

हवा कमी करा. 38 मिलिमीटरच्या हायब्रिड टायरमध्ये रस्त्यावर 60 पीएसआय असेल तर पुळणीवर 35. एमटीबीच्या (माउंटन बाइकच्या) दोन इंची टायरला 25 पुरे. रस्त्यावर येताच पुन्हा भरा, नाहीतर खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटते. म्हणून हातपंप आणि जादा ट्यूब जवळ हवी. बारीक टायरची रोडबाइक पुळणीवर नेऊच नका. हलका गिअर ठेवा, पॅडल एका लयीत मारा, हँडल झटक्याने वळवू नका. ओढा समुद्राला मिळतो तिथे वाळू भुसभुशीत असते, उतरून चाला. लाटांच्या पाण्यातून चालवण्याचा मोह तर टाळाच. खारं पाणी हबमध्ये (चाकाच्या तुंब्यात) आणि बीबीत (पॅडलच्या आसाच्या घरात) शिरलं की बेअरिंग गेलं.

नोव्हेंबर ते मार्च या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासविणी रात्री अंडी घालायला येतात. अंधारात पुळणीवर सायकल नको, आणि वरच्या कोरड्या वाळूत तर कधीच नको.

धुलाई त्याच दिवशी, मुक्कामावरच. मगाने गोडं पाणी ओता. प्रेशरचा पाइप वापरलात तर मीठ बेअरिंगच्या आत ढकललं जातं. फडक्याने कोरडी करा, साखळी पूर्ण सुकू द्या, मग प्रत्येक कडीवर एक थेंब चेनचं तेल. पॅडल उलटं वीस-तीस वेळा फिरवा आणि बाहेरचं तेल पुसून काढा. लोक नेमकं हेच विसरतात. वर राहिलेल्या तेलाला रेती चिकटते आणि पॉलिश पेपरसारखी दाते झिजवते. रिम ब्रेक असेल तर पॅडमध्ये रुतलेले कण टोकदार काडीने काढा.

प्रश्न : खानावळीत ऐनवेळी गेलो तर ना मासे मिळाले, ना मोदक.

उत्तर : घरगुती खानावळीत माणसं मोजून रांधतात. रात्रीचं सकाळी, दुपारचं आदल्या संध्याकाळी सांगा. उकडीच्या मोदकांना तर आदला दिवस हवाच. "सुरमई आहे का?" असं विचारण्यापेक्षा "आज काय आलंय?" असं विचारा. बांगडा, मांदेली किंवा तिसऱ्या (शिंपल्या) ताज्या असतील तर त्याच घ्या. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा माशांच्या ओढीने जाऊ नका. शाकाहारी असाल तर वालाचं बिरडं आणि घावने सांगा. घावने सायकल चालवण्याआधीही पोटाला जड होत नाहीत, मासळीचं ताट मात्र परतल्यावरच. जानेवारी-फेब्रुवारीत गेलात तर पोपटीबद्दल आवर्जून विचारा : वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, मडक्यात भांबुर्डीचा पाला. मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करतात. अर्धा-पाऊण तास लागतो, शेंगा गरम असतानाच सोलून खायच्या.