फिरतीवर काम करणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांसाठी सुरक्षा धोरण लिहायचं आहे. त्यात काय हवं आणि जबाबदारी कोणाची?

तुमच्या मसुद्यात ‘कर्मचाऱ्यांनी योग्य ती काळजी घ्यावी’ असं वाक्य असेल तर ते आधी खोडा. अपघात झाल्यावर सगळं खापर त्याच माणसावर फोडायला ते कामी येतं, एरवी त्याचा काही उपयोग नाही. उष्णता किंवा वायूचं मोजमाप कुठल्या आकड्याला गेलं की काम थांबायचं आणि ते कोण थांबवणार, हे धोरणात हवं.

थांबवण्याचा अधिकार जागेवरच्या मुकादमाला किंवा पर्यवेक्षकाला द्या, वरून परवानगी न घेता. फोन लागेपर्यंत वीज पडून गेलेली असते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1981 चा 155 क्रमांकाचा करार सरकारी सेवेलाही धरून आहे. जिवाला तातडीचा धोका दिसल्यावर जो कामावरून बाजूला होतो त्याला त्याबद्दल त्रास होता कामा नये, असं त्यात आहे. हे कलम मसुद्यात उतरवताना ‘पगार कापला जाणार नाही’ हेही स्पष्ट लिहा, नाहीतर कोणी थांबणार नाही.

सगळ्यात जास्त जागा उन्हाला द्या. नुसतं तापमान पाहून चालत नाही. हवा दमट असली की घाम वाळत नाही आणि अंग निवत नाही. त्यामुळे आर्द्रता, ऊन आणि वारा एकत्र मोजणारं उपकरण घ्या. पाणी दर 15 ते 20 मिनिटांनी एक पेला, म्हणजे साधारण 250 मिली, आणि तासाला दीड लिटरच्या आतच. पाणी आणि सावली कामाच्या जागेपाशी हवी. दोन फर्लांग चालावं लागलं तर लोक जात नाहीत.

खरी चूक होते ती नव्या माणसाच्या बाबतीत. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. नव्याला पहिल्या दिवशी 20 टक्केच काम द्या आणि रोज 20 टक्क्यांनी वाढवा. जुना माणूस लांबच्या रजेवरून आला असेल तर 50, 60, 80, 100 टक्के अशा चार दिवसांच्या पायऱ्या ठेवा. सर्वेक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला टेबलावरचा कारकून थेट उन्हात पाठवतात तेव्हा हा नियम सगळेच विसरतात. एखादा बरळू लागला किंवा चालताना झोकांड्या जाऊ लागल्या तर तो उष्माघात समजा. रुग्णवाहिका बोलवा, पण ती येईपर्यंत थांबू नका: कपडे सैल करा, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

विजेसाठी साधा नियम पुरे. चमक आणि गडगडाट यांत 30 सेकंद किंवा कमी अंतर असेल तर पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर पडू नका. झाड म्हणजे आसरा नव्हे.

गटाराच्या चेंबरमध्ये उतरण्याचं काम तुमच्या खात्यात असेल तर त्यासाठी लेखी परवाना वेगळा ठेवा. माणूस न उतरवता यंत्राने काम होत असेल तर परवान्याचा प्रश्नच येऊ देऊ नका. उतरावंच लागलं तर हवा वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी मोजा, कारण मिथेन हा पेट घेणारा वायू वर चढतो आणि हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू तळाशी साचतो. प्राणवायू 19.5 टक्क्यांच्या खाली किंवा 23.5 च्या वर असेल तर उतरायचं नाही. वासावर भरवसा नको: हायड्रोजन सल्फाइड 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास गेला की नाक बधिर होतं आणि वायू निघून गेला असं वाटतं. वर एक माणूस कायम हवा, हातात दोर आणि वर ओढायची तिकटी. आतला पडला तरी वरच्याने खाली उतरायचं नाही. वाचवायला गेलेलाही तिथेच मरतो.

आता जबाबदारी. पैसा आणि साधनं खातेप्रमुखाच्या नावावर, रोजची तपासणी पर्यवेक्षकाच्या, साधन वापरणं आणि धोका कळवणं कर्मचाऱ्याच्या. ठेकेदाराची माणसं असली तरी खात्याची जबाबदारी सरत नाही, म्हणून हेच आकडे निविदेच्या अटींतही घाला. मापाचे बूट आणि हातमोजे मिळाले का, हे वाटपाच्या वहीवर सही घेताना विचारा. सैल बूट घालून कोणी काम करत नाही, ते घरीच राहतात.

एकट्याने फिरणाऱ्यासाठी ठरलेल्या वेळी फोन करायची पद्धत ठेवा आणि फोन आला नाही तर किती मिनिटांनी कोण निघणार, तेही त्याच पानावर लिहा.