पहिल्यांदाच तीन-चार देश फिरताय? आधी एवढं बघा
तिकिटं काढण्याआधी पासपोर्ट उघडा. बरेच देश पुढच्या 6 महिन्यांची वैधता आणि कोरी पानं मागतात. एकेरी तिकीट असेल तर पुढच्या प्रवासाचा पुरावा नाही म्हणून चेक-इनलाच अडवतात. बसचं तिकीट चालेल का, हे विमानकंपनीला आधीच विचारा. शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपातल्या देशांचा गट) कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवसच मिळतात. देश बदलला म्हणून मोजणी नव्याने सुरू होत नाही, नवखे फसतात ते इथेच.

सॅक 40 लिटरपर्यंतच घ्या, खरंच पुरते. स्वस्त विमानकंपन्या केबिनमध्ये बहुधा 7 ते 10 किलोच नेऊ देतात.

परदेशात एटीएमवर खात्यातून रक्कम तुमच्या चलनात वळती करायची का असं आलं, तर ‘नाही’ दाबा. ‘हो’ म्हटलंत की रूपांतराचा दर मशीनवाला ठरवतो, आणि तो महागच असतो.