ठाण्यातील बालनाट्य शिबिरात लोकनाट्य शिकवायचे आहे. कोणत्या नाट्यशिक्षकाचे आयुष्य अभ्यासावे?

माझ्या मते कन्नड आणि हिंदी रंगभूमीवरचे दिग्दर्शक बी. व्ही. कारंत (१९२९–२००२) यांचे. लहानपणीच कर्नाटकातील गुब्बी वीरण्णांच्या नाटक कंपनीत दाखल झालेले कारंत पुढे बनारसला हिंदी आणि शास्त्रीय संगीत शिकले, राष्ट्रीय नाट्य विद्यालयात विद्यार्थी म्हणून गेले आणि १९७७ मध्ये त्याच संस्थेचे संचालक झाले. त्यांचा लोककलेवरील विश्वास सर्वांत ठळक दिसतो तो ‘बरनम वन’मध्ये, कारण शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ला त्यांनी यक्षगानाची (कर्नाटकातील लोकनृत्यनाट्याची) पावले, ताल आणि देहबोली दिली. मुलांसाठीही त्यांनी मन लावून नाटके बसवली, आणि या कामाची चर्चा फारच कमी होते. आपल्या शिबिरात मुलांना आधी दशावतार आणि गण-गौळण प्रत्यक्ष दाखवावी, ढोलकीच्या तालावर पावले टाकू द्यावीत. संहिता नंतर हाती द्यावी.