टोकियोच्या डिस्नेलँडमध्ये आईला कोण समजावून सांगणार?

प्रश्न : आम्ही एप्रिलमध्ये टोकियो डिस्नेलँडला जाणार आहोत. सोबत माझी आई (वय ७२, मराठी आणि कामापुरतं हिंदी) आणि ७ वर्षांचा मुलगा. तिथे पर्यटकांना भाषांतराचं यंत्र मिळतं असं ऐकलं. खरं का? की इथूनच एखादं बोलतं यंत्र विकत घेऊन जावं? आई शुद्ध शाकाहारी आहे.
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : तुम्ही ऐकलंत ते यंत्र बहुधा फ्लोरिडाच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधलं. तिथे काही राइड्ससाठी कानाला लावायचं यंत्र अनामत भरून घेता येतं. त्यात स्पॅनिश, पोर्तुगीज, फ्रेंच, जर्मन आणि जपानी. हिंदीसुद्धा नाही, मग मराठीचं नावच नको. हाँगकाँगच्या डिस्नेलँडमध्ये जंगलातल्या होडीसाठी कँटोनीज, मँडरिन आणि इंग्रजी अशा तीन वेगळ्या रांगा लागतात. टोकियोचं पार्क १९८३ सालचं, येणारी गर्दी मुख्यतः जपानी, त्यामुळे राइडमधलं बोलणंही जपानीच. इंग्रजीत कथानक छापलेला कागद मात्र काही ठिकाणी मिळतो. रांगेतच तो मागून घ्या आणि आईंना गोष्ट आत शिरायच्या आधी सांगा. राइड सुरू झाल्यावर कानाशी कुजबुजू नका.

हे अनुभवाचे बोल आहेत. मी टूर मॅनेजर होतो तेव्हा नौपाड्यातल्या एक आजी तिथल्या जंगल क्रूझमध्ये नावाड्याच्या जपानी विनोदांवर सगळ्यांत मोठ्याने हसत होत्या. सूनबाई शेजारून अर्थ सांगायला लागल्या, तर म्हणाल्या, "गप गं, बघू दे!" मिरवणुका, बाहुल्यांची होडीची राइड ('इट्स अ स्मॉल वर्ल्ड'), यांत शब्दांवाचून काही अडत नाही. मुलाला बिग थंडर माउंटन या रोलर कोस्टरमध्ये बसवायचं असेल तर उंची १०२ सेंटिमीटर लागते. ते बहुधा जमेल.

खरी काळजी जेवणाची. तिथल्या भाज्यांच्या सुपातही बऱ्याचदा सुक्या माशाचा अर्क असतो, त्याला 'दाशी' म्हणतात. त्यामुळे नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून भागत नाही. 'मांस, मासे, अंडी आणि दाशी चालत नाही' असं जपानीत लिहिलेलं कार्ड जाण्यापूर्वी जपानी जाणणाऱ्या कोणाकडून तरी तपासून घ्या. अंडी चालत असतील तर तेवढं गाळा. तरीही थेपले आणि चिवडा पिशवीत असू द्या, हॉटेलवर उपयोगी पडतील.

दुसरं कार्ड आईंच्या पर्समध्ये : हॉटेलचं नाव, तुमचा फोन नंबर, त्यांच्या गोळ्यांची जेनेरिक नावं. चुकामूक झाली तर त्यांनी कुठल्याही गणवेशातल्या कर्मचाऱ्याला ते दाखवायचं, एवढं इथेच पढवून ठेवा. इंग्रजीत बोलायचं असेल तर प्रवेशद्वाराजवळचं मेन स्ट्रीट हाऊस हे मदत केंद्र गाठा. पार्कबाहेर रुग्णवाहिकेचा नंबर ११९.

यंत्र विकत घेऊ नका. फोनवर गुगल ट्रान्सलेटमध्ये जपानी आणि इंग्रजी आधीच डाउनलोड करा. पाटीवर कॅमेरा धरला की वाचता येतं. बोलून भाषांतर करायचं तर वाक्य छोटं ठेवा, आणि गर्दीत ते बोलणं यंत्राला नीट ऐकू येत नाही, तेव्हा सरळ टाइप करून दाखवा. मराठीतून थेट जपानीत जाण्यापेक्षा मी इंग्रजीतून जपानीत जाईन. चूक झाली तर निदान तुम्हाला इंग्रजी वाक्य तपासता येतं.

आणि पॉवर बँक हातातल्या सामानात ठेवा, चेक-इन बॅगेत चालत नाही.