पाचवी-सहावीच्या मुलांना प्राणिसंग्रहालयात नेऊन खरंच काही शिकणं होतं का, की नुसतीच सहल?

तुम्ही लिहिलंय की शाळा जळगाव जिल्ह्यात आहे, पाचवी-सहावीची साठेक मुलं आहेत आणि मुख्याध्यापकांचं म्हणणं, 'यंदा प्राणी दाखवून आणा'. मी एरंडोलकडच्या एका खेड्यात विज्ञान शिकवतो. अशा तीन सहली नेल्यात. पहिली माझ्यामुळेच वाया गेली, म्हणून आधी तीच सांगतो.

आपल्या खान्देशात मोठं प्राणिसंग्रहालय नाही. जळगावकरांना सोयीचं म्हणजे संभाजीनगरचं सिद्धार्थ उद्यान, जळगावहून अजिंठामार्गे साधारण 160 किलोमीटर. धुळ्याची मंडळी आग्रा रोडने इंदूर गाठतात, नंदुरबारवाल्यांना सुरतचं सरथाणा जवळ पडतं. आम्ही पहाटे पाचला निघालो. घाटात निम्मी गाडी ओकली. अकराला आत शिरलो आणि दोन तासांत सगळे पिंजरे पालथे घातले, कारण माझं अर्धं लक्ष मुंडकी मोजण्यात. परत आल्यावर 'माझी सहल' निबंध लिहायला दिला. एकजात सगळ्या वह्यांत 'वाघ पिवळ्या रंगाचा होता' आणि पुढे दीड पान कुल्फीचं वर्णन. त्यात मुलांचा काय दोष? एका पिंजऱ्यापुढे दीड मिनिट उभं राहून दुसरं काय दिसणार!

दुसऱ्या वेळी चार-चार मुलांचे गट केले आणि प्रत्येक गटाला एकच प्राणी दिला. वीस मिनिटं जागचं हलायचं नाही. एकाकडे घड्याळ, एकाकडे वही. दर मिनिटाला प्राणी काय करतोय ते एका शब्दात लिहायचं: बसला, उठला, चघळतोय, कान हलवतोय. वाघाच्या गटाने वीस वेळा 'झोपला' लिहिलं आणि रडवेल्या तोंडाने माझ्याकडे आले. मी म्हटलं, बरोबर लिहिलंय. वाघ दिवसाचा बहुतेक वेळ आरामच करतो, त्याची हालचाल संध्याकाळी आणि पहाटे. तुम्ही जेवायच्या वेळेला पोहोचलात तर झोपलेला वाघ दिसणार, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

खरी मजा चितळांपाशी झाली. डिसेंबर होता. एका नराच्या शिंगांवर लव होती. एक मुलगा ओरडला, "सर, याना शिंगडासवर केस शेतस!" मग मी बोलायच्या आतच वाद सुरू झाला. शेतकऱ्यांची पोरं ती, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवणारी. शिंगांवर केस असतात हे त्यांना पटेना. एकजण म्हणाला, आमच्या बैलाचं शिंग मोडलं ते पुन्हा आलंच नाही. तिथेच अख्खा धडा झाला. बैलाचं शिंग म्हणजे आत हाड आणि वरून नखासारखं टोपण. ते जन्मभराचं, एकदा गेलं की गेलं. काळवीट आणि नीलगायीची शिंगं याच जातीची. चितळ-सांबराचं शिंग मात्र सबंध हाडाचं असतं, ते दरवर्षी गळून पडतं आणि नवं येतं. वाढताना त्यावर मखमलीसारखी कातडी असते, तिच्यातून रक्त वाहतं आणि हाड वाढतं. वाढ पुरी झाली की कातडी वाळते आणि नर ती झाडाला घासून काढतो. फळ्यावर आकृती काढून हे मी चार वर्षं शिकवलं होतं. परीक्षेपलीकडे कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

तेव्हापासून माझा नियमच झालाय. मुलांच्या गोठ्यात ज्याचा भाऊबंद आहे तो प्राणी आधी दाखवायचा. हत्ती-सिंह नंतर. हत्तीवरून आठवलं, मुलं हत्ती हमखास विचारणार. 2009 साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने प्राणिसंग्रहालयांतले हत्ती जंगलाजवळच्या कॅम्पमध्ये हलवायचं ठरवलं, कारण हत्तीला रोज लांबवर हिंडायला लागतं आणि तेवढी जागा शहरातल्या बागेत कुठली? ही गोष्ट गाडीतच सांगा, म्हणजे तिथे भोकाड पसरलं जात नाही.

पांढऱ्या वाघापाशी आपण शिक्षकच चुकतो. 'ही बर्फातली दुर्मिळ जात' असं सांगताना मी स्वतः एका गुरुजींना ऐकलंय. तो आपलाच पट्टेरी वाघ. 1951 साली रीवाच्या जंगलात मोहन नावाचा पांढरा बछडा पकडला गेला, त्याच्या वंशातून पुढे देशोदेशींच्या प्राणिसंग्रहालयांत पांढरे वाघ गेले. आई आणि बाप दोघांकडूनही तो लपलेला गुण आला तरच पिल्लू पांढरं निपजतं. म्हणून नात्यातल्या नात्यात जोड्या लावत गेले आणि तिरळेपणासारखी व्यंगं आली. सहावीच्या मुलांना एवढं कळतं. आपल्याकडे म्हशीसाठी रेडा बाहेरगावचा का बघतात हे त्यांना ठाऊक असतं.

एका ठिकाणी (नाव नको) कोल्हा एकाच वाटेने सारख्या येरझाऱ्या घालत होता. मुलीने विचारलं, हा असं का करतो? मी टाळलं नाही. जागा कमी पडली, करायला काही उरलं नाही की प्राणी असं करतात, एवढं सांगितलं. यावर वर्गात परत आल्यावर जी चर्चा झाली ती मूल्यशिक्षणाच्या तासाला कधी होत नाही. दोन मुलं म्हणाली, प्राणिसंग्रहालयं बंद करा. एक म्हणाला, मग आम्ही वाघ कधी बघायचा? मी निकाल दिला नाही.

खडे मारणं, शेंगदाणे टाकणं, आरडाओरडा करणं, हे सगळं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्राणिसंग्रहालयात मना आहे. मुलं ऐकतात. आपल्यासोबत आलेले दोन पालक ऐकत नाहीत, त्यांना वेगळं सांगावं लागतं.

व्यवहाराचं थोडक्यात. एसटी प्रासंगिक करारावर घ्या, शालेय सहलीला भाड्यात निम्मी सवलत मिळते. आगारात महिनाभर आधी अर्ज टाका, हिवाळ्यात गाड्या मिळत नाहीत. शिक्षण विभागाची परवानगी, पालकांची संमतिपत्रं आणि मुली असतील तर सोबत बाई, हे तुम्हाला ठाऊक असेलच. साप्ताहिक सुट्टीचा वार फोन करून विचारा. वाटेत अजिंठा लागतो म्हणून लेणीही त्याच दिवशी उरकायचा मोह होईल. उरकू नका. लेणीला वेगळा दिवस काढा, सोमवार सोडून. गेलात तर पहिल्या लेण्यात एकाच डोक्याची चार हरणं कोरलेली आहेत, ती मात्र शोधायला लावा. डब्यात दशम्या आणि कोरडी चटणी सांगा, भाजी सांडते. घाटासाठी प्लास्टिकच्या पिशव्या भरपूर.

आणि परत आल्यावर निबंध देऊ नका. आम्ही घरचा अभ्यास दिला होता: शेळीचं तोंड उघडून वरचे पुढचे दात मोजून या, चितळालाही तेवढेच असतात. दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग 'सर, दातच नाहीत' म्हणत आला. एकाने बत्तीस लिहून आणले होते, त्याच्या घरी शेळी नव्हती.