अमेरिकेत सरकारी जमिनीवरच्या तेल-गॅसवर लक्ष कोण ठेवतं?

ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम. जमीन साधारण 24.5 कोटी एकर, पण जमिनीखालचं खनिज बघायला गेलं तर जवळजवळ 70 कोटी एकर, कारण इतर सरकारी खात्यांच्या जमिनीखालचं खनिजही बीएलएमच बघतं. शिवाय तिकडे बऱ्याच ठिकाणी वरची जमीन शेतकऱ्याची आणि खालचं तेल सरकारचं असा प्रकार आहे, त्यामुळे भांडणं तर होतातच.

1920 च्या कायद्याने लीज देतात, 10 वर्षांचं, तेल निघालं की पुढे चालू. पण लीज मिळालं म्हणून लगेच मशीन लावता येत नाही हं, प्रत्येक विहिरीला वेगळं परमिट लागतं. मग बीएलएमचे इन्स्पेक्टर साइटवर जातात, केसिंगभोवती, म्हणजे विहिरीत बसवलेल्या पोलादी नळीभोवती, सिमेंट नीट भरलंय का बघतात नाहीतर गॅस भूजलात घुसतो, टाकीच्या व्हॉल्व्हवरचं सील आणि त्याचा नंबर रेकॉर्डशी जुळतो का तेही बघतात, कारण मोजमापात गडबड म्हणजे सरळ रॉयल्टीची, म्हणजे निघालेल्या तेल-गॅसमधल्या सरकारच्या वाट्याची, चोरी. आपल्याकडे वाळूच्या ब्रासमध्ये जे होतं तेच, फक्त बॅरलमध्ये!

रॉयल्टी पूर्वी 12.5 टक्के होती, 2022 ला 16.67 केली, 2025 ला परत 12.5 वर आणली. वसुलीचं ऑफिस मात्र वेगळं आहे.

आणि गंमत म्हणजे सोनं-तांबं अजून 1872 च्या कायद्यावर चालतं, त्यावर केंद्राला रॉयल्टी शून्य. मला तर हे अजून पटत नाही.